अर्धी ग्रंथी ठेवली त्याची गोष्ट

2023 च्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी मी ठुशी घालत होते. मागचा गोंडा धाकटी जाऊ ओढून बसवत होती. ती समोर येऊन म्हणाली, "ताई, ठुशी उजवीकडं अशी वर का चढतेय?" तिनंच बोट लावून पाहिलं. मी आवंढा गिळला तर तिच्या बोटाखालून काहीतरी वर सरकलं आणि परत खाली आलं.

मी साताऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वीस वर्षं शिकवतेय. घसा बसणं, खवखवणं हे आमच्या कामातच धरलेलं असतं, त्यामुळं मानेकडं लक्ष देण्याचं कारणच कधी पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीच्या कामाची रक्ततपासणी, नॉर्मल आला आणि मी निर्धास्त झाले. सहा आठवडे पुढं काहीच केलं नाही. ही माझी चूक मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडं "थायरॉईड आहे" म्हणजे गोळी चालू आहे आणि वजन वाढतंय एवढंच आपण धरून चालतो. टीएसएचवरून ग्रंथी किती काम करते ते कळतं; ती कमी पडली की हा आकडा वाढतो. तिच्या आत काय वाढतंय ते त्यावरून कळत नाही. गाठ हाताला लागली तर रक्ताचा रिपोर्ट कितीही चांगला असो, सोनोग्राफी करायचीच.

मार्चमध्ये ती केली. उजव्या भागात 19 मिलिमीटरची गाठ, कडा ओबडधोबड, आडवीपेक्षा उभी जास्त, आत चुन्याचे बारीक कण. डाव्या भागात 4 मिलिमीटरची एक साधी दिसणारी गाठ. मग सुईची तपासणी. रिपोर्टवर लिहिलं होतं बेथेस्डा 6. त्या मोजपट्टीत 6 हा शेवटचा आकडा, म्हणजे कर्करोग नक्की. प्रकार पॅपिलरी. माझं वय तेव्हा 44 होतं.

पहिल्या सर्जननी पाच मिनिटांत सांगितलं, पूर्ण ग्रंथी काढू, नंतर किरणोत्सारी आयोडीन देऊ, विषय संपला. मी आवाजाचं विचारलं. "काही होत नाही," म्हणाले. त्यांचा सल्ला चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीवर माझं पोट आहे तिच्याबद्दलच्या प्रश्नाला तीन शब्दांत उत्तर मिळालं, आणि त्या तीन शब्दांनीच मला दुसरीकडं जायला लावलं.

पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी कागद पुढं ओढला आणि चित्र काढलं. श्वासनलिकेवर बसलेलं फुलपाखरू म्हणजे ग्रंथी. तिच्या मागून दोन्ही बाजूंनी एकेक बारीक नस वर जाते, ती आवाजाचे पडदे हलवते. आणि मागच्या बाजूला चिकटलेले चार दाणे, मसुरीएवढे. त्या पॅराथायरॉईड ग्रंथी, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. (या दाण्यांची पहिली नोंद माणसात झालेली नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाला त्या दिसल्या, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. हे मला नंतर वाचताना कळलं आणि त्या दिवसांत का कोण जाणे, फार बरं वाटलं.)

पूर्ण ग्रंथी काढली तर दोन्ही नसांजवळ आणि चारही दाण्यांजवळ हात जाणार. जन्मभर गोळी लागणार. पण पुढं लक्ष ठेवणं सोपं, कारण थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात. ग्रंथीच उरली नाही तर ते रक्तात जवळजवळ शून्य व्हायला हवं, आणि वाढलं तर लगेच संशय घेता येतो. शिवाय गरज पडल्यास आयोडीनचा उपचार देता येतो. अर्धी काढली तर एकच नस आणि दोनच दाणे धोक्यात. गोळी कदाचित लागेल, कदाचित नाही. पण ते प्रथिन उरलेली अर्धी बनवतच राहणार, त्यामुळं रक्ताचा आकडा तितका बोलका राहत नाही. आणि रिपोर्टमध्ये काही वेगळं निघालं तर दुसरं ऑपरेशन.

"1 ते 4 सेंटिमीटरची, ग्रंथीच्या आतच असलेली गाठ असेल तर 2015 पासून अमेरिकन थायरॉईड असोसिएशनसुद्धा अर्धी काढणं पुरेसं ठरू शकतं असं म्हणते," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत दोन्ही बरोबर आहेत."

दोन्ही बरोबर आहेत हे ऐकणं मला सगळ्यात जड गेलं. एक चूक असतं तर मी मुकाट्यानं दुसरं केलं असतं.

घरात तर एकच मत. आई शेतातली, तिनं तिच्या शब्दांत सांगितलं, "हराळीचा एक तुकडा राहिला तरी रान भरतंय. मुळासकट काढून टाक." यजमान रात्री दोनला उठून मोबाईलवर वाचत बसायचे आणि सकाळी काहीतरी नवं भयंकर सांगायचे. मी आईचं वाक्य जसंच्या तसं डॉक्टर बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आईंचं म्हणणं बऱ्याच कर्करोगांना लागू आहे. पण हे तण कोणतं आहे ते आधी बघू."

मग त्यांनी दक्षिण कोरियाचं सांगितलं. तिथं इतर तपासण्यांच्या जोडीला मानेची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली, आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉईड कर्करोगाचं निदान 15 पट झालं. त्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र होतं तिथंच राहिलं. म्हणजे इतके लोक छोटी पॅपिलरी गाठ घेऊन काहीही न होता जगत होते. जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलनं 1993 पासून 1 सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठींवर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवायला सुरुवात केली, आणि त्यातल्या बहुतेक वाढल्याच नाहीत. "तुमची त्याच्या दुप्पट आहे, म्हणून ती काढायची. पण घाईनं सगळं उपटावं असं हे तण नाही. आणि डावीकडं पुढं काही उगवलं तर सोनोग्राफीत ते दिसतं."

मी वहीत दोन प्रश्न लिहिले. हा उपचार घेतल्यानं मला नक्की काय मिळणार? नाही घेतला तर काय गमावणार? पूर्ण ग्रंथी काढण्याच्या रकान्यात मिळकत म्हणून "मनाची शांती" एवढंच वारंवार लिहिलं जात होतं. आयुष्य वाढेल असं त्या रकान्यात मला लिहिता येईना, कारण माझ्यासारख्या गाठीत तसं ठामपणे कुणी सांगतच नव्हतं. आवाज मात्र अर्धी काढण्याच्या रकान्यात ठळक होता. मी अर्धी काढायचं ठरवलं. आई आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. आधी नाकातून दुर्बीण घालून आवाजाचे पडदे पाहून ठेवले, नंतर तुलना करता यावी म्हणून. शुद्धीवर आले तेव्हा मी "पाणी" म्हटलं आणि तोंडातून नुसती हवा आली. मला वाटलं घशात नळी होती म्हणून असेल.

संध्याकाळी डॉक्टर बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि सगळं सरळ सांगितलं. नस तुटलेली नाही, त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. पण गाठ नसेला खेटून होती, सोडवताना नस ताणली गेली, आणि नसेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचा सिग्नल शेवटी बंद झाला. उजवा पडदा सध्या हलत नाहीये. ताणलेली नस बहुतेक वेळा महिन्यांनी जागी होते. कधीकधी होत नाही. "पूर्ण ग्रंथी काढायचं ठरलं असतं," त्या म्हणाल्या, "तरी आज मी इथंच थांबले असते."

घरी आल्यावरचे दिवस जखमेपेक्षा घोटाचे होते. टाका दुखत नव्हता. मान मागं ताणून ठेवलेली असते म्हणून पाठीची शीर आखडली होती, तीही आठवड्यात सुटली. पण पाणी प्यायलं की ठसका. चहा प्यायला की ठसका. एक पडदा उघडाच राहिला की पातळ पदार्थ चुकीच्या वाटेनं जातो. स्पीच थेरपिस्टनं शिकवलं: छोटा घोट, हनुवटी छातीकडं, मग गिळायचं. पातळ ताकापेक्षा भाताची दाट पेज सोपी जाते हे माझं मीच शोधलं. हनुवटीखालची कातडी कित्येक महिने बधिर होती, कुंकू लावताना हात लागला तर दुसऱ्याच कुणाला लागल्यासारखं वाटायचं.

भेटायला येणारी माणसं मायेनं म्हणायची, बोलू नकोस, हळूच कानात सांग. थेरपिस्टनं नेमकी कुजबुजच बंद केली होती. कुजबुजताना घशावर ताण येतो, आणि आवाज थकला की माणूस गळा आवळून बोलायला लागतो. ती सवय नस जागी झाल्यावरही जात नाही. व्यायाम साधा होता. पेल्यात थोडं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि "ऊऽऽ" करत बुडबुडे काढायचे. दिवसातून पाच वेळा. माझा जुना आवाज कसा होता ते ऐकायला तिनं एखादं रेकॉर्डिंग मागितलं. शोधून शोधून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परिपाठाचा एक व्हिडिओ सापडला. त्यात मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलाला हाक मारतेय. ते ऐकून मी त्या दिवशी फार रडले, आवाज न होता.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ 2.1 सेंटिमीटर, नेहमीच्या प्रकारची पॅपिलरी, कडा मोकळ्या, बाहेर पसरलेली नाही. पण सोबत काढलेल्या मानेतल्या तीन लसिका ग्रंथींपैकी (लिम्फ नोड) एकीत कर्करोगाचा 1.5 मिलिमीटरचा कण सापडला होता.

आई म्हणाली, "बघ." एवढंच.

माझा कागद त्या रुग्णालयाच्या ट्यूमर बोर्डपुढं गेला. वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर एकत्र बसून सल्ला देतात ती बैठक. त्यांचं एकमत झालं नाही, आणि ते तसं मला सांगितलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर म्हणाले, उरलेला भाग काढून आयोडीन द्यावं. सर्जन म्हणाल्या, थांबावं. काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या स्लाइड आणि ब्लॉक मी मुंबईला दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेतले. निदान तेच आलं.

आयोडीनचं डॉक्टरांनी मला अर्धा तास समजावलं. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, म्हणून किरणोत्सारी आयोडीन 131 दिलं की ते त्यांच्यातच जाऊन त्यांना मारतं. त्याचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. आपल्याकडं हे ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963 पासून अशा उपचारांचं काम चालू आहे. म्हणजे हे काही नवं, अंधारातलं औषध नाही. पण अर्धी ग्रंथी जागेवर असली तर सगळं आयोडीन तीच गिळणार, म्हणून आधी ती काढावी लागते. मग टीएसएच 30 च्या वर चढावा म्हणून काही आठवडे गोळी बंद, आयोडीनचं मीठ बंद, मासे, अंड्यातलं पिवळं, दूधदुभतं कमी. मग मात्रेप्रमाणे वेगळ्या खोलीत राहणं.

तिथल्या बाकावर बार्शीकडच्या एक मावशी भेटल्या. त्यांच्या मानेतल्या बऱ्याच गाठींमध्ये आजार पोचला होता. त्यांनी आयोडीन घेतलं होतं. तीन दिवस एकटीनं खोलीत, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, घरी आल्यावरही काही दिवस नातवाला जवळ घ्यायचं नाही. "त्याचंच वाईट वाटलं बघा, बाकी काही नाही," म्हणाल्या. त्यांच्यासाठी ते औषध हवंच होतं. माझं वाचून कुणी मावशींसारख्या आजारात उपचार नाकारू नये, हे मी हात जोडून सांगते. त्यांचा रिपोर्ट आणि माझा रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्यापुढचा पेच असा होता. उजवी नस झोपलेली. डावी बाजू उघडली आणि डावी नसही ताणली गेली, तर दोन्ही पडदे मध्ये येऊन श्वासच अडतो, गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागते. तसं होण्याची शक्यता कमी, पण झालं तर त्याची किंमत कुणाच्याही आवाक्याबाहेरची. दुसऱ्या पारड्यात दीड मिलिमीटरचा कण, जो काढूनही झाला होता. 2 मिलिमीटरपेक्षा लहान असे कण पाच लसिका ग्रंथींपर्यंत असले तरी ते कमी धोक्यातच धरतात. आणि या आजारात वय 55 च्या आत असेल, आजार दूर पसरलेला नसेल, तर टप्पा पहिलाच धरला जातो. लसिका ग्रंथीत सापडला तरीही.

मी विचारलं, "सहा महिने थांबल्यानं काही हातातून जाईल का?" दोन्ही डॉक्टरांनी, ज्यांचं एकमत नव्हतं त्या दोघांनीही, नाही असंच उत्तर दिलं. त्या एका उत्तरावर मी थांबले. त्यानंतर मी प्रत्येकाला हाच प्रश्न सुचवते. "काय करू?" असं विचारलं की मतं मिळतात. "थांबलं तर काय होईल?" असं विचारलं की माहिती मिळते.

15 जूनला शाळा सुरू झाली. पहिलीत नवी बावीस मुलं, निम्मी रडणारी, आणि माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचेना. यजमानांनी कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणून दिला. त्यानं शब्द पोचतात, पण रडणाऱ्या मुलाच्या कानाशी स्पीकर कामाचा नाही. मग मी टाळीचं शिकवलं. एक टाळी म्हणजे माझ्याकडं बघा, दोन म्हणजे बसा, तीन म्हणजे डबे काढा. मोठ्यानं म्हणायच्या कविता शेजारच्या वर्गाच्या सरांनी घेतल्या. दुपारनंतर माझा आवाज पूर्ण संपायचा, घरी एक शब्द बोलता यायचा नाही. जुलैत एक दिवस हजेरी घेताना लक्षात आलं की मुलंही माझ्याच आवाजात, हवेतल्या हवेत "हजर बाई" म्हणतायत. त्यांना वाटत होतं शाळेत असंच बोलायचं असतं.

त्याच काळात टीएसएच 4.8 वर गेला. उरलेल्या अर्ध्या ग्रंथीला भार पेलेना. 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, टीएसएच 2 च्या खाली राहावा म्हणून. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि तासभर चहा नाही. अर्धी ठेवली की गोळी टळतेच असं नाही, हे आधीच समजून घ्यावं. मला ते सांगितलेलं होतं, तरी वाईट वाटलं.

डिसेंबरमध्ये पुन्हा दुर्बीण. "ईऽऽ म्हणा." मी म्हटलं. स्क्रीनवर आवाजाचा उजवा पडदा आळसावलेल्या माणसासारखा हळू, पण मधोमध आला. डॉक्टर बाईंनी माझा खांदा दाबला. आणि मग खुर्चीत बसून, त्यांच्या नेहमीच्या सरळपणानं म्हणाल्या, "आता दुसरी बाजू काढायला ती अडचण राहिली नाही. पुन्हा विचार करायचा का?"

याची मी तयारीच केली नव्हती. आठ महिने मी नसेच्या आड उभी होते. आता तो आडोसा गेला आणि प्रश्न तसाच समोर.

कॅन्टीनमध्ये आम्ही दोघं बसलो. वही काढली. यजमान म्हणाले, "मी काही बोलणार नाही, तू ठरव." त्या दिवशीची सोनोग्राफी स्वच्छ होती, डावीकडची गाठ 4 मिलिमीटरच. थायरोग्लोब्युलिन 9 होतं. अर्धी ग्रंथी असताना एकट्या आकड्याला अर्थ नाही, तो चढतोय की नाही एवढंच बघायचं. मिळकतीच्या रकान्यात मी पुन्हा लिहायला गेले तर या वेळी "मनाची शांती" हेसुद्धा लिहिता येईना. ती मला त्या आठ महिन्यांत दुसऱ्या कुठून तरी थोडी थोडी मिळाली होती. आत जाऊन मी सांगितलं, नको. त्यांनी फाईलवर तारीख घालून तसं लिहिलं, आणि खाली हेही लिहिलं की निर्णय बदलता येईल.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी, आता वर्षानं, सोनोग्राफी होते. तपासणीच्या आधीचा आठवडा वाईटच जातो, रात्री हात मानेवर जातो. बोलण्याचा आवाज परत आला आहे. वरचा सूर आला नाही, कविता मी खालच्या पट्टीत म्हणते आणि मुलं त्यांच्या पट्टीत. थायरोग्लोब्युलिन शेवटचं 8.6 होतं. आई अजून हराळीचं नाव काढते, पण रिपोर्टच्या दिवशी पहिला फोन तिचाच असतो.

या वेळी पुढची वेळ घेताना खिडकीतल्या मुलीनं जूनचा तिसरा आठवडा सुचवला. मी म्हटलं, 15 जूनच्या आधीची बघा. पहिले पंधरा दिवस नवी मुलं रडतात, वर्ग सोडून येता येत नाही.